गोजराबाईंचं पौडातलं जेवण

गोजराबाई पौडला हॉटेलात जेवल्या, ही बातमी गोजराबाईंच्या आधी गावात पोचली. त्यांना चार कोस चालत यायचं होतं, बातमी नथूच्या सायकलीवर बसून आली. नथूनं ती आधी पाणवठ्यावर सांगितली, मग पारावर, आणि मग घरी जाऊन बायकोनं वाढलेली भाकरी खाल्ली. दुपारी गोजराबाई गावात शिरल्या तेव्हा ओट्याओट्यावरची माणसं त्यांच्या पोटाकडं बघत होती, जशी काही आतली वांग्याची भाजी बाहेरून दिसणार होती.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. आमचं गाव कोळवण खोऱ्यातलं, भाताचं. गावाला तेव्हा रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळा चौथीपर्यंत होती आणि तिचे पत्रे उडालेले होते. यांतल्या कशासाठी गावची बैठक बसलेली मला आठवत नाही. गोजराबाईंच्या जेवणासाठी मात्र दोनदा बसली.

नात्यानं त्या माझ्या चुलत सासूबाई. त्यांचं आणि आमचं अंगण एकच, मधे तुळस. मी भरे गावची, सातवी पास होऊन या घरात आले, तेव्हा मला चुलीपाशी पहिली जागा करून दिली ती त्यांनी. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या या गावात आल्या. मूलबाळ झालं नाही. घर एकत्र, चौदा माणसांचं, आणि भाकऱ्या गोजराबाईंकडं. पुरुष जेवायचे, मग पोरं, मग गडीमाणसं, मग धाकट्या जावा. त्यानंतर परातीत जे पीठ उरेल त्याची एक जाड भाकरी थापून, विस्तव ओढून घेतलेल्या चुलीवर ती कशीबशी भाजून, गोजराबाई त्याच परातीत खायच्या. ताट घ्यायच्या नाहीत. आणखी एक ताट कोण घासणार, म्हणायच्या. म्हणजे त्याच घासणार होत्या.

त्रेपन्न साली त्यांचे यजमान वारले आणि धाकटे दीर कोंडाजी घराचे कारभारी झाले. कोंडाजी म्हणजे गळ्यात माळ, कपाळाला बुक्का आणि बोलण्यात दर वाक्याला देवाचं नाव. चार वर्षांनी भावाच्या हिश्शाच्या जमिनीला वहिनीचं नाव लावायची वेळ आली तेव्हा मात्र देव त्यांच्या तोंडातून गेला आणि हरकतीचा अर्ज आला. तेव्हापासून गोजराबाईंची चूल वेगळी झाली, कोंडाजी पुढच्या आळीला राहायला गेले आणि पौडच्या कचेरीत तारखा सुरू झाल्या.

पहिली तारीख कार्तिकातली. बरोबर नेलेली भाकरी त्यांनी दुपारीच कचेरीच्या वडाखाली खाल्ली. नावाचा पुकारा झाला तेव्हा उन्हं उतरली होती. एवढी वाट अंधारात एकटीनं कशी चालणार, म्हणून विठ्ठलाच्या देवळाच्या ओवरीत मुक्काम करायचं त्यांनी ठरवलं. देवळासमोरच वाल्मीकची खाणावळ. गाव तिला हॉटेल म्हणतं, पण होती खाणावळच: चार बाकं, चार टेबलं, आतल्या अंगाला चूल आणि तिच्यापाशी भाकऱ्या थापणारी त्याची बायको. हिरडा गोळा करून विकलेले थोडे पैसे गोजराबाईंच्या कनवटीला होते. भूक लागली होती. दारातूनच त्यांनी विचारलं, जेवायला मिळंल का. वाल्मीक म्हणाला, या की मावशी, बसा.

गोजराबाई आत आल्या आणि कोपऱ्यातल्या बाकाच्या कडेला टेकल्या. वाल्मीकनं ताट आणलं तर म्हणाल्या, आधी मान्सं जेवून हू द्या. वाल्मीकला वाटलं, बाईबरोबर कुणी यायचं असेल. तो गेला. शिपाई जेवून उठले, तर मोटारीचे ड्रायव्हर आले. ते उठले तर कोर्टकज्जावाले आले. गोजराबाई पदर सावरून बसून होत्या. घरी असतं तर आतापावेतो पुरुषांची पंगत उठली असती, पोरं जेवून झोपली असती. इथं एक उठला की त्याच जागी दुसरा. कढई खरवडल्याचा आवाज आला, मग तवा उतरल्याचा. शेवटी वाल्मीक त्यांच्यापुढं दोन गार भाकऱ्या आणि बुडाची आमटी ठेवत म्हणाला,

"मावशी, ही खानावळ हाय. हितं मान्सं संपत न्हाईत. फुडच्या खेपंला आलात की बसा आन जेवा."

हे सगळं गोजराबाईंनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मला हसू आलं नाही. त्यांची चूक कुठली होती? सव्वीस वर्षं एका घरात जे शिकवलं तेच त्या पौडला घेऊन गेल्या होत्या.

दुसरी तारीख मार्गशीर्षात. या खेपेला त्या कचेरीतून सुटल्या त्या थेट खाणावळीत. दिवेलागणही झाली नव्हती, चूल नुकती पेटलेली, बाकं रिकामी. पाय खाली सोडून जेवायची सवय नाही, म्हणून त्या बाकावरच मांडी घालून बसल्या. पुढं पितळी ताट आलं. ताटात वांग्याची भाजी, मसुराची आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. आणि मग वाल्मीकच्या बायकोनं तव्यावरची भाकरी विस्तवाला लावून, टम्म फुगवून, चिमट्यानं उचलून आणली आणि त्यांच्या ताटात टाकली.

गोजराबाई म्हणाल्या, की त्यांनी बोट लावलं तर पापुद्रा फुटून वाफ आली, बोट भाजलं. त्या बघतच राहिल्या. आयुष्यात हजारो भाकऱ्या त्यांनी अशा फुगवल्या होत्या, दुसऱ्यांच्या ताटात टाकल्या होत्या. गरम भाकरीची चव कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चाळिशीला आलेल्या बाईला. भाताच्या आणि भाकरीच्या गावात.

त्यांनी सावकाश खाल्लं. शेजारी कुणी नव्हतं, कुणाला काही हवं नको बघायचं नव्हतं, मान वर करायचंही कारण नव्हतं. भाजी संपली तर वाल्मीकनं विचारलं, आणखी वाढू का मावशी. मला म्हणाल्या, "अगं जया, मला काय सांगावं तेच सुचंना. इचारलंच न्हवतं कुनी कदी." मग भात खाल्ला, पाणी प्याल्या, आणि सवयीनं ताट उचलून मोरीकडं घासायला निघाल्या. वाल्मीकच्या बायकोनं ते हातातून काढून घेतलं.

पौषातल्या तारखेला तसंच. माघात कचेरीनं निकाल दिला, गोजराबाईंचं नाव जमिनीला लागलं, आणि त्या संध्याकाळी त्या तिसऱ्यांदा जेवल्या; पहिल्या खेपेच्या गार भाकऱ्या त्या जेवणात धरत नसत. तेव्हा नथूनं पाहिलं. नथूनं पाहिलं याचा अर्थ नथू तिथंच होता आणि हात चाटत होता. पण नथूच्या पोटात काय गेलं हे गावानं विचारलं नाही. जमिनीला नाव लागलं ही बातमीही त्यानं आणली नाही. आणण्यासारखी बातमी त्याला एकच वाटली.

आता यात कोंडाजींना देव पुन्हा आठवला. जमीन गेली होती, पण भैरोबाच्या नैवेद्याचा मान राहिला होता.

आमच्या भैरोबाची जत्रा चैत्रात. पहिला नैवेद्य थोरल्या घरचा. तो थोरल्या सुनेनं करायचा. आदल्या संध्याकाळपासून उपास, पहाटे विहिरीवर अंघोळ, ओलेत्यानं एकटीनं पुरण घालायचं, बोलायचं नाही, चाखायचं नाही. मग ढोलवाले दाराशी येतात, नैवेद्याचं ताट तिच्या डोक्यावर चढतं आणि देवळाच्या पायरीशी गुरव ओरडतो, थोरल्या घरचा नैवेद्य आला, वाट द्या. सगळं गाव वाट देतं. गोजराबाईंनी सव्वीस वर्षं हे केलं. मूल नाही, नवरा गेला, घर वेगळं झालं. वर्षाकाठी एक दिवस गाव त्यांना वाट देत होतं, तेवढंच त्यांचं गावात होतं. त्यांची भक्ती मी जवळून पाहिली आहे. त्या नैवेद्याचे तांदूळ वेगळ्या मडक्यात ठेवत, दिवाळीपासून.

कोंडाजींचं म्हणणं असं, की जी बाई परक्या पुरुषांसमोर हॉटेलात बसून आधी जेवते, तिच्या हातचा नैवेद्य देवाला कसा चालेल. आता मान धाकट्या घरी यावा, रत्नाबाईकडं. रत्नाबाई म्हणजे कोंडाजींची बायको. कोंडाजी स्वतः प्रत्येक तारखेला पौडातच होते आणि उपाशी नव्हते. बाजारपेठेच्या टोकाला ते वकिलाबरोबर काय खात होते ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते पुरुषाचं खाणं. ते पोटात गेलं की संपतं.

फाल्गुनात देवळाच्या मंडपात बैठक बसली. पुरुष घोंगड्यांवर. गोजराबाई पायरीशी उभ्या. आम्ही बायका खांबांच्या मागं, जिथं आम्हाला नेहमी ऐकू येतं आणि आम्ही दिसत नाही.

कुशाबा गुरव वयस्कर, माणूस वाईट नाही. त्यांनी विचारलं, "गोजरा, पौडला हाटिलात जेवलीस म्हनत्यात. खरं का?"

"व्हय. तीनदा."

नथूनं एकदाचंच सांगितलं होतं. मंडपात चुळबूळ झाली.

"कुनाबरूबर?" कोंडाजी म्हणाले.

"एकलीच."

"एकली बसून काय करत हुतीस?"

"जेवत हुते."

खांबामागं कुणीतरी फसकन हसलं. कोंडाजींनी तिकडं बघितलं. कुशाबांनी घसा खाकरून विचारलं, काय खाल्लं ते सांग, म्हणजे देवापुढं स्पष्ट होईल. गोजराबाईंनी सांगितलं. लपवायचं काही नव्हतंच. वांग्याची भाजी, वर दाण्याचं कूट आणि तेलाचा तवंग. मसुराची आमटी, लसणाची फोडणी घातलेली. दाण्याची चटणी, फोडलेला कांदा. माणसं घोंगड्यांवर पुढं सरकली होती. दुपार टळलेली, बैठक लांबलेली.

"आन भाकरी?" पुढच्या घोंगडीवरचे म्हातारे बहिरूनाना म्हणाले.

"जवारीची. तव्यावरनं सरळ ताटात. फुगल्याली, बोट लावलं की वाफ."

"कोरड्यास संपलं मंजी पुन्ना वाढत्यात?"

"इचारून वाढत्यात, नाना."

"बहिरूनाना," कोंडाजी म्हणाले, "बैठक सैपाकाची न्हाई."

बहिरूनानांना त्या भाकरीचं काय कौतुक वाटलं मला कळत नाही. त्यांच्या ताटात पन्नास वर्षं रोज तव्यावरचीच भाकरी पडत होती. ती टाकणारा हात कुणाचा, हे त्यांनी मान वर करून कधी बघितलं असेल की नाही, देव जाणे.

शेवटी निवाडा झाला. गोजराबाईंनी पाडव्याला भैरोबापुढं नारळ ठेवायचा, चुकले म्हणायचं आणि पुन्हा हॉटेलात जेवणार नाही असा शब्द द्यायचा. शब्द दिला तर मान त्यांच्याकडं. नाही दिला तर धाकट्या घरी.

निवाडा हलकाच होता, असं सगळ्यांना वाटलं. कचेरीचं काम संपलं होतं. गोजराबाईंना पौडला जायचं आता कारणच नव्हतं. जे होणारच नाही ते करणार नाही म्हणायला काय जातं? बायका त्यांना पाणवठ्यावर हेच सांगत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही तेच सांगितलं.

 दोन दिवसांनी गोजराबाई दुपारच्या माझ्याकडं आल्या. श्रावणात मी पोथी वाचायचे, बायका ऐकायला बसायच्या, म्हणून त्यांनी विचारलं, "जया, पोथीत असं कुटं लिवलंय का, बाईनं आदी जेवू ने म्हनून?"

मी पोथी काढली. संध्याकाळपर्यंत पानं उलटली. देवानं भक्ताच्या घरी जेवल्याचं सापडलं, भक्तानं उपाशी देवाला जेवू घातल्याचं सापडलं, उष्टं खाल्ल्याचंही सापडलं. मी म्हटलं, "मला तरी कुठं दिसलं नाही." गोजराबाईंनी पोथीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेल्या.

पाडव्याला त्या धुतलेलं लुगडं नेसून, नारळ घेऊन देवळात आल्या. कोंडाजींचं तोंड पडलं. गोजराबाईंनी नारळ देवापुढं ठेवला, डोकं टेकलं, आणि उठून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या,

"देवा, मी तीनदा जेवले. मला ग्वाड लागलं. चुकले म्हनून सांगायला आले हुते, पर तुज्याफुडं खोटं निघंना. पुन्ना जावंसं वाटलं तर जाईन. नारळ तुजा हाय, त्यो घे."

आणि पायऱ्या उतरून घरी गेल्या. मागं वळूनही बघितलं नाही.  नारळ आला, शब्द नाही, याचं काय करायचं ते कुणाला कळेना. कोंडाजींना तेवढं कळलं. मान धाकट्या घरी आला असं ते म्हणाले, आणि नारळ फोडून त्यातला मोठा वाटा घरी घेऊन गेले.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळपासून रत्नाबाईंनी उपास धरला. त्यांच्यावर मला राग नाही. मान हवा होता तो कोंडाजींना, राबायचं होतं रत्नाबाईंना. पण न चाखता पुरण ओळखायला वर्षं लागतात. त्यांचं पुरण सैल झालं, पोळ्या तव्यावर फाटल्या. पाच धड पोळ्या निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग देव जेवला, गुरव जेवला, मानकरी जेवले. कोंडाजी चारचौघांत म्हणाले, गूळ कमी पडला. रत्नाबाईंच्या वाट्याला दुपारी तीनला फाटक्या पोळ्या आल्या, त्या त्यांनी परातीत घेऊन खाल्ल्या.

पण त्याआधी सकाळी जे झालं ते सांगायचं राहिलं. ढोलवाले निघाले ते सव्वीस वर्षांच्या सवयीनं आमच्याच अंगणात वळले आणि गोजराबाईंच्या दारासमोर थांबून वाजवू लागले. गोजराबाई दारात आल्या. पदर डोक्यावरून घेतला. क्षणभर मला वाटलं, त्या आता ताट आणायला आत वळतील. तेवढ्यात मागून कोंडाजी आले, हितं न्हाई, फुडं चला, म्हणाले आणि हातानं खूण केली. ढोलवाला वरमला. पण त्यानं काय करावं? ढोल गळ्यात तसाच वाजवत तो पुढं गेला. ढोल कोंडाजींच्या दाराशी पोचेपर्यंत गोजराबाई तशाच उभ्या होत्या.

मग त्यांनी आतून पिशवी आणली, दाराला कडी घातली आणि पौडच्या वाटेला लागल्या. माझे हात पिठात होते. हाक मारायचं मनात आलं, पण काय म्हणून हाक मारायची ते सुचलं नाही. जत्रेला येणारी माणसं गावाकडं येत होती, त्या एकट्या उलट्या चालल्या होत्या. समोरून येणाऱ्या बायका वाटेत बाजूला होत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. गावानं ओट्यांवरून पुन्हा बघून घेतलं. तेवढं काम गाव कधी चुकवत नाही. मी तुळशीपाशी भांडी वाळत घालत होते. त्या येऊन पायरीवर टेकल्या. मी पाणी दिलं. मग विचारलं, जेवलात का काल.

म्हणाल्या, जेवले. कचेरीला सुट्टी, खाणावळीत कुणी नव्हतं. चूल पेटली होती. वाल्मीकच्या बायकोनं पहिली भाकरी आणली ती गरमच होती, पण ती घशाखाली उतरेना. ढोल कानात वाजत होता. वाल्मीकनं विचारलं, काय मावशी, भाकरी बिघडली का आज? त्या म्हणाल्या, न्हाई बाबा, भाकरी चांगली हाय, जरा दम घेते.  ताट तसंच पुढं ठेवून त्या बराच वेळ बसल्या. ती भाकरी गार झाली. मग त्यांनी ती गारच खाल्ली, टाकायची कशाला म्हणून. तोवर दुसरी आली, फुगलेली.

"ती ग्वाड लागली," गोजराबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "मग तिसरी मागितली का?"

"मागाया लागली न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं इचारून वाढली."